अस्सलबरहुकूम माशी

आम्ही नक्कल विभागातले लोक दिवसभर माश्या मारत बसतो, असं कचेरीतले वकील आमच्या तोंडावर म्हणायचे. आम्ही हसायचो. वकिलांशी वाद घालणं आमच्या पगारात बसत नव्हतं. पण आमच्यातला एक जण माश्या मारत नव्हता, बांधत होता. त्याचं नाव रुपराव काळमेघ. मी त्याच्या शेजारच्या टेबलावर बावीस वर्षं बसलो. त्याच्याबद्दल जे सांगणार आहे त्यात माझाही हात आहे, हे आधीच सांगून टाकतो.

आमचं काम सोपं होतं आणि माणसाला आतून वाळवून टाकणारं होतं. जुन्या खटल्यातला एखादा कागद पक्षकाराला हवा असला की मूळ कागद समोर ठेवून तो हातानं उतरवायचा आणि खाली ‘अस्सलबरहुकूम नक्कल’ असं लिहून सही ठोकायची. अस्सलबरहुकूम, म्हणजे मूळ जसं आहे तसं. मुळात ‘पारशिवनी’चं ‘पाशिवनी’ झालं असेल तर नकलेतही ‘पाशिवनी’च. दोन ओळी वाळवीनं खाल्ल्या असतील तर नकलेतही तेवढी जागा कोरी. कळत असलं तरी दुरुस्त करायचं नाही. शहाणपणा करणाऱ्याला नोटीस मिळायची.

नव्या माणसाला पहिल्याच दिवशी आम्ही मक्षिकास्थाने मक्षिकेची गोष्ट ऐकवायचो. मूळ कागदावर एक माशी चिरडून चिकटलेली होती, म्हणून एका कारकुनानं दुसरी माशी मारली आणि नकलेवर नेमकी त्याच जागी चिकटवली. ऐकून सगळे हसतात. त्रेपन्न साली रुपरावाला ही गोष्ट सांगितली तेव्हा तो हसला नाही.

“त्यात त्या मानसाचं काय चुकलं गा?” त्यानं विचारलं. “मुळात माशी होती, म्हनून लावली.”

तेव्हाच मी ओळखलं की हा आमच्या खात्यात नाव काढणार. आणि काढलंही. त्याच्या नकलेत बावीस वर्षांत एक काना इकडचा तिकडे झाला नाही.

माश्यांचं वेड त्याला लागलं ते एका म्हाताऱ्या इंग्रज इंजिनिअरामुळे. सगळे साहेब गेले तरी हा सेमिनरी हिल्सच्या बाजूला एका बंगल्यात राहून गेला होता. त्याचे जुने कागद सुवाच्य अक्षरात उतरवून द्यायला रुपराव दर रविवारी सायकल मारत जायचा. साहेब टेबलाशी बसून गळावर पिसं आणि रेशीम बांधायचा आणि त्याची माशी करायचा. विलायतेत आणि काश्मिरात थंड पाण्याच्या नद्यांतून ट्राउट नावाचा मासा असतो. तो म्हणे गांडूळ, कणीक असलं काही खात नाही. पाण्यावर उडणाऱ्या माशीवर झेपावतो. म्हणून त्याला फसवायला खोटी माशी. रुपराव पेंचेच्या काठी वाढलेला, लहानपणी गळ टाकून मासे धरलेला माणूस. हा असला नखरेल मासा त्यानं कधी पाहिला नव्हता, पुढेही पाहिला नाही. पण साहेबाचे हात पाहता पाहता तो माशी शिकला. एकसष्ट साली साहेब वारला. पुतण्या येऊन सगळं सामान घेऊन गेला. रुपरावाजवळ उरलं एक रिकामं पाकीट. त्यावर कलकत्त्याच्या एका पेढीचा पत्ता होता. ही पेढी अशा माश्या बांधून घेऊन विलायतेला पाठवायची.

ते पाकीट दहा वर्षं त्याच्या पेटीत पडून राहिलं. बाहेर निघालं ते मुलीसाठी.

प्रेमलता त्याची मोठी मुलगी. कळमेश्वरला दिली होती. एकोणसत्तर साली नवरा काविळीनं गेला आणि तेरवी झाल्यावर सासरच्यांनी तिला एक ट्रंक देऊन बसमध्ये बसवलं. तेवीस वर्षांची होती, मूलबाळ नव्हतं. रुपरावाची बायको आधीच गेलेली. जुन्या शुक्रवारी पेठेत दोन खोल्या, त्यात रुपराव, त्याचा मुलगा अनंत आणि अनंतची नवी नवरी. प्रेमलता स्वयंपाकघरात निजायची. भावजय वाईट नव्हती, पण दोन खोल्यांत चांगुलपणा फार दिवस पुरत नाही.

बहात्तरच्या चैत्रात सावनेरहून स्थळ आलं. बाबाराव नावाचा बिजवर. तिच्याहून वीस वर्षांनी मोठा, पदरी तीन लेकरं, गोठ्यात सात म्हशी. पहिली बायको कशी गेली ते कुणी नीट सांगत नव्हतं. आमच्याकडं विधवेचं लग्न होतं, त्याला पाट लावणं म्हणतात, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. वावगं वाटलं ते प्रेमलतेला.

“मले पाट नाही लावाचा,” ती बापाला माझ्यासमोर म्हणाली. “त्याले बायको नाही पायजे, बाबा. गोठ्याले बाई पायजे.”

अनंतनं तोड काढली. दसऱ्यापर्यंत थांबू. तोवर ताईला स्वतःच्या हातचं काही काम मिळालं, तिची वेगळी खोली करता आली, तर सावनेरला नाही कळवू. नाही मिळालं तर मात्र पुन्हा रडगाणं नको. तिनं मान हलवली. त्याच संध्याकाळी रुपरावानं ते पाकीट शोधून काढलं आणि कलकत्त्याला पत्र टाकलं. इंग्रजी मी लिहिलं, अक्षर त्याचं.

उत्तर यायला दोन महिने लागले. तोवर बापलेकीनं माशी बांधायचं सामान जमवायला घेतलं. त्या दोन महिन्यांइतकं रुपरावाला आनंदात मी कधी पाहिलं नाही, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो.

आधी पेटी. साहेबाची पेटी त्याला पाठ होती. महाल पेठेतल्या एका सुताराकडून त्यानं तशीच सागवानी पेटी करून घेतली, तेवढेच खण, तेवढ्याच मापाचे. गळ दोन ओठांत घट्ट धरून ठेवणारा छोटा शेगडा बर्डीवरच्या एका घड्याळजीनं मोडीतून काढून दिला. पिसाचं टोक पकडायचा चिमटा त्याच घड्याळजीनं जुन्या गजराच्या घड्याळाच्या स्प्रिंगचा केला. रेशमाचा दोरा एका जागी सुटावा म्हणून नळी लागते. ती रुपरावानं बॉलपेनच्या रिकाम्या पितळी रिफिलची केली आणि दोरा कापू नये म्हणून तिच्या कडा आठ दिवस कानसीनं घासल्या. रफूची सुई टाकाच्या लाकडी दांडीत बसवली. त्या दांडीवर कचेरीचा शिक्का होता. त्याच्या आयुष्यातली सरकारी मालाची ही एकच चोरी.

मग माल. इतवारीत जरीचे पदर विणणाऱ्या एका कोष्ट्यानं मागावरून उरलेल्या रेशमाच्या लडी आणि चिमूटभर कलाबतू दिली. मेण आणि राळ एकत्र कढवून दोऱ्याला लावायचा गोळा केला. स्पिरिटमध्ये चपडा लाख विरघळवून गाठीवर टाकायचं रोगण केलं, आणि दोन दिवस घराला सुताराच्या दुकानाचा वास येत राहिला. मोरपीस रामटेकच्या यात्रेत मिळालं. रानबदकाची पिसं पारशिवनीच्या मामानं पाठवली. कोंबड्याच्या मानेची पिसं सगळ्यात महत्त्वाची, लालसर, चमकदार, ताठ. त्यासाठी रुपराव मंगळवारी बाजारात कोंबडीवाल्याकडे जायचा, दहा कोंबडे उलटेसुलटे करून पाहायचा आणि म्हणायचा, मला फक्त मान द्या. कोंबडीवाल्याला वाटलं म्हाताऱ्यावर कुणीतरी करणी केली आहे. त्यानं मान फुकट दिली, आणि वर लिंबूही दिलं.

एक हत्यार तेवढं जमलं नाही. माशी बांधून झाली की शेवटची गाठ दोऱ्याच्याच पोटात घालून ओढावी लागते. साहेबाकडे त्यासाठी वाकवलेल्या तारेचं हत्यार होतं. रुपरावानं चार वेळा तार वाकवली, चारही वेळा दोरा तुटला.

“कायले पायजे ते?” प्रेमलता म्हणाली. तिनं उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं आणि मधलं बोट पसरलं, त्यावर दोरा फिरवला, दोन्ही बोटं गळाभोवती गरकन वळवली आणि गाठ बसली. “माह्या बोटाइले येते.”

रुपरावानं त्या हत्याराचा खण तरी बुजवायचा. पण साहेबाच्या पेटीत होता म्हणून याच्या पेटीतही राहिला, रिकामा.

पोरगी बापाच्या पुढे गेली. पहिली माशी बांधायला तिला पाऊण तास लागला होता, उन्हाळा संपेतो दहा मिनिटांत बांधू लागली. मी रविवारी दुपारी जायचो तेव्हा ती खिडकीशी पाटावर बसलेली असायची आणि गुणगुणत असायची. नवरा गेल्यापासून घरात कुणी गुणगुणलं नव्हतं. मला तिचा अभिमान वाटायचा, आणि माझी स्वतःची मुलगी नाही याचं वाईटही.

आषाढात कलकत्त्याहून पुडकं आलं. आत गळांची पाकिटं, एक पत्र आणि आगपेटीत कापसावर ठेवलेली एक माशी. पत्रात लिहिलं होतं की सोबत नमुना पाठवला आहे. त्याप्रमाणे बारा डझन माश्या श्रावणाअखेर पोचाव्यात. पसंत पडल्या तर कायमचं काम देऊ. नमुन्यात तसूभरही फरक चालणार नाही.

प्रेमलतेनं चिमट्यानं माशी उचलली आणि उजेडात धरली.

“बाबा, हिचा एक पंख आखूड हाय.”

खरंच होता. उजवा पंख पुरा, टोकाला निमुळता. डावा अर्ध्यावर संपलेला, आणि त्याची कड जराशी कुरतडल्यासारखी.

“हे कसरीनं खाल्लं,” ती म्हणाली. “आपल्या लोकरीच्या स्वेटरले लागते तशी कसर. कापसात भुगाही हाय पाहा. दोन्ही पंख सारखे असतीन मुळात.”

रुपरावानं चष्मा पुसला. भिंग घेतलं. बराच वेळ पाहिलं.

“नमुना हाय तो,” तो म्हणाला. “त्याहीनं पाह्यल्याशिवाय पाठवला असन काय?”

“एक पत्र टाकून विचारा ना.”

“पत्र जाऊन येईपर्यंत महिना जाईन. मग बांधशीन कवा? अन् त्याहीनं लिहिलं हाय, फरक नको. आपन मुळात हात घालत नाही, प्रेमा.”

“हा खटल्याचा कागद नाही, बाबा.”

तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलं. “गनपतराव, तुमी सांगा गा.”

मी माशी हातात घेतली. मी काय सांगायला हवं होतं ते मला चांगलं ठाऊक होतं. पण वीस वर्षं एका खुर्चीवर बसलं की ढुंगणाला खुर्चीचा आकार येतो, तसा तो डोक्यालाही येतो. मी म्हणालो, “नमुना म्हणजे नमुना. विचारलं तर म्हणतील, यांना काम येत नाही. जसं आहे तसं करा.”

प्रेमलतेनं नमुना माझ्या हातातून परत घेतला. मग म्हणाली, “बरं, काकाजी,” आणि गळ शेगड्यात बसवला.

बारा डझन माश्या. एकेका माशीचा उजवा पंख पुरा आणि डावा कैचीनं अर्ध्यावर कापलेला. कुरतडलेली कड दिसावी म्हणून रुपराव शेजारी बसून भिंगातून मापं द्यायचा, आणि ती सुईच्या टोकानं पंख विंचरून तसा करायची. चांगला पंख बांधण्यापेक्षा तो वाईट पंख बांधायला तिला दुप्पट वेळ लागायचा. मुदतीआधी चार दिवस पुडकं टपालात पडलं. रुपरावानं पेढे आणले नाहीत, पण इतवारीतून रेशमाच्या आणखी दोन लडी आणल्या.

दसऱ्याच्या पाच दिवस आधी पुडकं परत आलं. पत्र मी वाचून दाखवलं. लिहिणारा माणूस सभ्य होता, म्हणून ते जास्त लागलं. त्यानं लिहिलं होतं: आम्ही पाठवलेल्या नमुन्याचा डावा पंख किडीनं खाल्लेला असावा, त्याबद्दल दिलगीर आहोत. मात्र हे कोणत्याही माशी बांधणाऱ्याच्या लक्षात यायला हवं होतं. एकशे चव्वेचाळीस माश्यांत तोच दोष इतक्या काळजीनं उतरवलेला आम्ही कधी पाहिला नाही. हात उत्तम आहे, पण काम समजलेलं नाही. पुढचा पत्रव्यवहार करू नये.

मला ओशाळल्यासारखं झालं. कुठं माशी शिंकली असं आपण सहज म्हणतो. इथं तर एकशे चव्वेचाळीस शिंकल्या होत्या आणि सगळ्या आमच्या डोळ्यांदेखत.

प्रेमलता ‘मी सांगितलं होतं’ असं एकदाही म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिनं एकेक हत्यार फडक्यानं पुसलं, ज्याच्या त्याच्या खणात ठेवलं आणि पेटीला कडी घातली. अनंत दारात उभा होता. 

कार्तिकात सावनेरला पाट लागला. पाटाला वाजंत्री नसते. मी गेलो होतो, जेवलोही.

त्यानंतर रुपराव सावनेरला एकदाही गेला नाही, कचेरीत खाली मान घालून लिहीत राहिला. फक्त दर दोन महिन्यांनी तो मला म्हणायचा, गनपतराव, एक इंग्रजी पत्र लिहून द्या. मी लिहायचो. चूक आमची होती, मुलीची नव्हती, एक संधी द्यावी. उत्तर यायचं नाही. मला वाटायचं हा वेडा आहे. असं सव्वादोन वर्षं चाललं, आणि पंचाहत्तरच्या फाल्गुनात कलकत्त्याहून आगपेटी आली. आत नवा नमुना, दोन्ही पंख सारखे, आणि दोन ओळींचं पत्र की पुन्हा करून पाहा.

रुपरावानं रजा टाकली आणि मलाही टाकायला लावली. पेटी मांडीवर घेऊन तो सावनेरच्या बसमध्ये बसला. सगळा हिशेब त्यानं मनात मांडला होता. दुपारी म्हशी सुटल्या की तिला दोन तास मिळतील, दोन तासांत दहा माश्या. मग जावई कशाला नाही म्हणतो.

बाबाराव घरी नव्हता. प्रेमलता गोठ्यातून पदरानं हात झाकत आली. एकोणतीस वर्षांची बाई चाळिशीची दिसत होती. तिनं आम्हाला खाट टाकून दिली, चहा आणला, कप डाव्या हातानं ठेवले. रुपरावाचं लक्ष नव्हतं. त्यानं पेटी उघडून शेगडा, चिमटा, नळी ओळीनं खाटेवर मांडली आणि आगपेटी तिच्यापुढे धरली.

“पाह्य वं, त्याहीनं पाठवली. धर.”

तिनं सवयीनं उजवा हात पुढे केला. अंगठ्याशेजारचं बोट नव्हतं. मधलं अर्धं होतं.

रुपरावाचा हात तसाच राहिला. कोपऱ्यात कडबा कापायचं यंत्र उभं होतं, त्याच्या चाकाची पाती उन्हात दिसत होती. ते पाहिल्यावर विचारायचं काही उरलं नव्हतं, तरी त्यानं विचारलं.

“कवा झालं?”

“मागच्या पोळ्याले.”

“काहून सांगितलं नाही वं?”

“सांगून काय बोटं येनार होती?”

तिनं डाव्या हातानं माशी घेतली आणि उजेडात धरली. पंख पाहिले, आधी एक, मग दुसरा. चांगली बांधली आहे, म्हणाली, आणि परत आगपेटीत ठेवून दिली.

रुपराव उठला. मी त्याला कधी मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं, तेव्हाही तो मोठ्यानं बोलला नाही. पण त्याचा आवाज फाटला होता.

“चाल, बाई. ट्रंक घे अन् चाल आताच. अनंतले मी पाहून घेईन.”

तिनं पदरानं हात पुन्हा झाकला. आतल्या खोलीतून लहान लेकराचं रडणं ऐकू आलं. ते तिचं होतं, सावत्र नव्हतं. आम्हाला तेही माहीत नव्हतं.

“राहू द्या, बाबा,” ती म्हणाली. “जसं आहे तसं. मुळात हात घालाचा नसते. तुमीच शिकवलं.”

तिनं कुचकेपणानं म्हटलं असतं तर मी तिला दोष दिला असता. तिनं ते तसं म्हटलं नाही. लेकराला घ्यायला ती आत गेली. आम्ही थोडं थांबलो आणि मग निघालो, कारण म्हशी घेऊन बाबाराव परत येताना दिसला.

सावनेरच्या बसस्टँडवर आम्ही बाकावर बसलो. पेटी आमच्यामध्ये होती. बसला अवकाश होता. रुपराव पेटीच्या कडीशी चाळा करत होता, उघड, मीट, उघड, मीट.

“गनपतराव,” शेवटी तो म्हणाला, “त्या बखताले तो पंख कसरीनं खाल्लेला होता. तुमाले दिसलं होतं ना गा?”

मी खोटं बोलू शकलो असतो.

“हाव,” मी म्हणालो. “दिसलं होतं.”

त्यानं कडी घातली.

“मलेही दिसलं होतं,” रुपराव म्हणाला.